पोट बिघडलं, पण कागदावर नाही

‘लॉकडाऊनचा एक फायदा मात्र झाला. हॉटेलं बंद, ठेले बंद, सगळे घरचं खायला लागले आणि पोटाचे आजार गायबच झाले.’

हे वाक्य मी स्टाफरूममध्ये ऐकलं, वलीम्याच्या दस्तरखानावर ऐकलं, एकदा तर एका डॉक्टरांच्याच केबिनमध्ये ऐकलं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला एवढंच म्हणायचं असतं की बाहेरचं खाऊ नका. पण या वाक्यावर आता धोरणं उभी राहायला लागली आहेत. ‘त्या दोन वर्षांत जुलाब, टायफॉइड, कावीळ, विषबाधा, सगळ्यांचेच आकडे खाली आले’ असं भाषणांतून सांगितलं जातं, आणि त्यावरून असा अर्थ काढला जातो की हात धुतले की झालं, दवाखाने आणि प्रयोगशाळा वाढवायची फारशी गरज नाही. म्हणून या वाक्याशी भांडणं भाग आहे.

आधी त्यातलं खरं मान्य करतो. लोक हात धुवत होते. लग्नं पन्नास माणसांत होत होती, त्यामुळे दोन हजार माणसांचा डेग सकाळी उतरवून दुपारी चारपर्यंत वाढायचा प्रकार बंद होता. बिर्याणीत, दालच्यात, खिचड्यात जे जंतू कोमट अवस्थेत तासनतास वाढतात, त्यांना तेवढी संधी मिळाली नाही. अमरावतीचा गीला वडा, अकोल्याची कचोरी, रमजानमधली भजी आणि दहीवडे हे सगळं रस्त्यावरून काही महिने नाहीसं झालं होतं. तेव्हा काही आजार खरोखरच कमी झाले असतील. यात वाद नाही.

वाद आहे तो ‘किती’ यावर. आपल्याकडे याचं प्रामाणिक उत्तर द्यायला आकडेच नाहीत, म्हणून जिथे आहेत तिथलं बघू. अमेरिकेत अन्नातून होणाऱ्या आजारांवर नजर ठेवणारी ‘फूडनेट’ नावाची यंत्रणा आहे. त्या काळात दहा ठिकाणच्या प्रयोगशाळांकडून ती अशा आजारांचं प्रत्येक पक्कं निदान गोळा करत होती. २०२० साली त्यांच्या नोंदींमधलं प्रमाण २०१७ ते २०१९ च्या सरासरीपेक्षा २६ टक्क्यांनी घसरलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी हा आकडा छापताना टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी लिहिलं की हॉटेलं बंद, प्रवास बंद, हात धुणं ही कारणं असतील, पण लोक डॉक्टरकडे गेलेच नाहीत, फोनवर औषध घेतलं, विष्ठेचा नमुना दिलाच नाही, हेही कारण असू शकतं. आणि एक लहानशी गोष्ट त्याच अहवालात होती: जे रुग्ण सापडले, त्यांच्यात इस्पितळात दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण किंचित वाढलं होतं. मला यातून दिसतं ते असं की हलका आजार घरी राहिला आणि जड आजार तेवढा दारापर्यंत पोचला. हे त्या देशात, जिथे नमुना देणं ही रोजची बाब आहे. आमच्या वऱ्हाडात काय झालं असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आपल्या देशातला एक आकडा मात्र पक्का आहे, आणि तो क्षयरोगाचा. २०१९ साली देशात २४ लाखांहून जास्त क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० साली ती १८ लाखांवर आली. सहा लाख क्षयरुग्ण हात धुतल्यामुळे बरे झाले असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. सगळ्यांनी सरळ मान्य केलं की रुग्ण होते, आपण त्यांना शोधलं नाही. मग जुलाबाच्या आणि टायफॉइडच्या रुग्णांबद्दल तोच नियम का लावायचा नाही? क्षयरोगाला निदान एक राष्ट्रीय कार्यक्रम आहे, गणती आहे, हिशेब मागणारे आहेत. पोटाच्या आजाराला वाली नाही, एवढाच फरक.

रुग्ण कागदावर यायला त्याला किती चौकटी ओलांडाव्या लागतात ते बघा. आधी त्याला वाटलं पाहिजे की हे घरच्या सोड्याने आणि ओव्याने जाणार नाही. मग घरातून निघायला पैसे आणि धीर हवा. डॉक्टरचं दार उघडं हवं. डॉक्टरला शंका यायला हवी की हा नुसता ‘पोट बिघडलं’चा प्रकार नाही. नमुना घ्यायला हवा, तोही औषध सुरू करण्याआधी. तो तपासणारी प्रयोगशाळा हवी. प्रयोगशाळेने सरकारला कळवायला हवं. यातली एक चौकट जरी बंद पडली तरी माणूस आजारी राहतो आणि आकडा निरोगी होतो. महासाथीत आमच्याकडे यातल्या जवळपास सगळ्याच एकदम बंद पडल्या.

पहिली चौकट भीतीने बंद केली. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात अमरावतीच्या हाथीपुऱ्यातला एक मृत्यू कोरोनाचा निघाला, आणि तोही माणूस गेल्यानंतर. काही दिवसांत अकोल्यात बैदपुऱ्याचं नाव आलं. त्यानंतर ही दोन नावं मोहल्ल्यांची राहिलीच नाहीत, ती शिवी झाली. दिल्लीच्या मरकजची बातमी त्याच दिवसांत वाहिन्यांवर चोवीस तास चालू होती. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगसाठी आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं अशा अर्थाचं स्पष्टपणे लिहिलं. पण निकाल यायला ऑगस्ट उजाडला. एप्रिल-मेमध्ये आमच्या मोहल्ल्यात ज्याला ताप येत होता त्याच्यापर्यंत तो निकाल कसा पोचणार होता?

मी तेव्हा इतर शिक्षकांप्रमाणे सर्वेक्षणाच्या ड्युटीवर होतो. हातात ताप मोजायची बंदूक आणि कागद. दार अर्धं उघडायचं, आतून आवाज यायचा, ‘सर, सब ठीक है, लिख लो.’ एका घरात मागच्या खोलीत कुणीतरी ओकत असल्याचा आवाज स्पष्ट येत होता. मी विचारलं तर घरातली बाई म्हणाली, ‘पेट का मत लिखो सर, उठा ले जाएंगे.’ तिचं काही चुकत नव्हतं. कोरोनात जुलाब-उलट्याही होतात हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. म्हणजे पूर्वी ज्या लक्षणाने माणूस सहज दवाखान्यात जाई, तेच लक्षण आता चौदा दिवसांच्या विलगीकरणाचं वॉरंट झालं होतं. गल्ली पत्र्यांनी बंद होणार, पाचही घरांची रोजी जाणार, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी मोबाईलवर मोहल्ल्याचं नाव फिरणार. यासाठी कुणी जुलाब का सांगेल?

त्याच दिवसांत अन्नाबद्दलची जी चर्चा देशात चालली होती तीही आठवा. मध्यप्रदेशातल्या रायसेनचा एका फळविक्रेत्याचा जुना व्हिडिओ एप्रिलमध्ये नवा म्हणून फिरवला गेला आणि मुसलमान भाजीवाल्यांचे हातगाडे अडवले जाऊ लागले. नाव विचारून कांदे घेणारे लोक मी पाहिले आहेत. कोरोना अन्नातून पसरतो याला पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटना तेव्हाच सांगत होती. जे आजार खरोखर अन्नातून आणि पाण्यातून पसरतात, त्यांच्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नव्हतं. देशाच्या इतिहासात अन्नाच्या शुद्धतेवर एवढी चर्चा बहुधा कधी झाली नसेल, आणि त्या सगळ्या चर्चेत पाण्याची टाकी, गळकी पाइपलाइन, बर्फाचा कारखाना, शिळा मावा यांपैकी एकही शब्द नव्हता. संशय हातावर होता. तो हात कुणाचा, एवढंच बघायचं होतं.

दुसरी चौकट डॉक्टरांची. मी डॉक्टरांवर सरसकट दगड मारणार नाही. सुरुवातीचे महिने त्यांच्याकडे धड मास्क नव्हते, किट नव्हते, घरी म्हातारे आईबाप होते. तरीही अनेकांनी दवाखाना उघडा ठेवला, आणि काही जण त्यात गेले. पण वस्तुस्थिती ही की गल्लीबोळातले अनेक दवाखाने बंद होते आणि जे उघडे होते तिथे ‘ताप असल्यास आत येऊ नये’ अशी पाटी होती. २५ मार्च २०२० ला केंद्राने फोनवरून उपचाराचे नियम जाहीर केले. रक्तदाबाच्या, साखरेच्या रुग्णांची त्याने मोठी सोय झाली, हे खरं. पण पोट फोनवरून दाबून पाहता येत नाही. जीभ किती सुकली आहे, चिमटीत धरलेली कातडी किती वेळाने सपाट होते, डोळे खोल गेलेत का, हे पाहण्याचं काम आहे, ऐकण्याचं नाही.

आमच्या शेजारचा एक मुलगा, बारावीतला, २०२० च्या रमजानमध्ये आजारी पडला. आठ दिवस चढता ताप, पोटात दुखणं, आधी बद्धकोष्ठ आणि मग जुलाब. घरच्यांनी पहिले चार दिवस कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी एका डॉक्टरांना फोन केला, त्यांनी चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन होतं. तीन गोळ्या झाल्या, ताप थोडा उतरला, पुन्हा चढला. मग दुसरीकडे रक्त तपासलं. ‘विडाल पॉझिटिव्ह, टायफॉइड.’ चार दिवस सलाईन, इंजेक्शनं. मुलगा वाचला, अल्लाहचे आभार. पण त्याला काय झालं होतं हे आजही कुणाला माहीत नाही. टायफॉइड असू शकेल, कोरोना असू शकेल, दोन्ही असू शकेल. त्याच्या आईला मी परवा विचारलं तर ती म्हणाली, ‘वो बीमारी,’ आणि हात हवेत फिरवला.

आता या विडालविषयी जरा थांबून बोलतो, कारण माझा खरा राग इथे आहे. ही तपासणी १८९६ सालची, विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरची. ती जंतू शोधत नाही. शरीराने कधीकाळी त्या जंतूशी किंवा त्याच्या नातेवाइकांशी झुंज दिली होती का, याची खूण शोधते. जिथे टायफॉइड वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे अशा आपल्या भागात धडधाकट माणसाच्या रक्तातही ही खूण सापडते. मलेरियात सापडते, इतर तापांतही सापडते. पुस्तकी नियम असा की आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घ्यायचं आणि खूण चौपट वाढली तर अर्थ काढायचा. आपल्याकडे दोनदा रक्त कोण घेतं? एकदा घेतात, संध्याकाळी कागद मिळतो, कागदावर एक आकडा गोल केलेला असतो आणि त्या गोलावर चौदा दिवसांची औषधं चालतात. खरी तपासणी रक्ताच्या कल्चरची. रक्त बाटलीत घालून जंतू वाढतो का ते पाहायचं. त्याला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि आधीच प्रतिजैविक पोटात गेलं असेल तर जंतू वाढण्याची शक्यता घटते. म्हणजे आधी अ‍ॅझिथ्रो, मग तपासणी, या उलट्या क्रमाने आपण स्वतःच पुरावा पुसतो.

महासाथीत हा उलटा क्रमच नियम झाला. एका अभ्यासानुसार २०२० च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्या देशात नेहमीपेक्षा साधारण २१ कोटी ६४ लाख मात्रा प्रतिजैविकांच्या जास्त खपल्या, त्यात ३ कोटी ८० लाख एकट्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या. कोरोना विषाणूचा आजार, त्यावर या गोळ्यांचा उपयोग नाही. पण टायफॉइडवर तोंडाने घेता येणारी जी थोडी औषधं अजून चालतात, त्यांतलं हे एक महत्त्वाचं. शेजारच्या पाकिस्तानात, सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून असा टायफॉइड पसरला आहे की बहुतेक नेहमीची औषधं त्याच्यावर निकामी ठरली, आणि तोंडाने घ्यायच्या औषधांत प्रामुख्याने अ‍ॅझिथ्रोच हाताशी उरलं. तेच औषध आपण शेंगदाण्यासारखं वाटलं. आमच्या चौकातला औषधविक्रेता मला तेव्हा अभिमानाने सांगत होता, ‘सर, पाचवाला पत्ता तो अब लोग नाम से मांगते.’

आणि उलटंही झालं, तेही तितकंच भयंकर. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत उत्तर भारतातल्या आणि मध्यप्रदेशातल्या खेड्यांत कोरोनाचे रुग्ण ‘टायफॉइड’ म्हणून झोपवले गेले. विडालचा गोल होताच. आगर-माळवा जिल्ह्यात संत्र्याच्या बागेत झाडांना सलाईनच्या बाटल्या लटकवून लोकांना जमिनीवर निजवलेलं चित्र मे महिन्यात सगळ्या देशाने पाहिलं. वरूड-मोर्शीच्या माणसाला संत्र्याची बाग वेगळी समजावून सांगायला नको. म्हणजे एकीकडे पोटाचा आजार कोरोनाच्या भीतीने लपला, दुसरीकडे कोरोना पोटाच्या आजाराचं नाव घेऊन लपला. आणि आपण म्हणतो, आकडे कमी झाले!

हे काही पहिल्यांदा घडलं असं नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा सर्वांत जास्त माणसं गमावलेल्या प्रांतांपैकी एक होता. तेव्हा गावातल्या मृत्यूची खबर देणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो सांगेल ते कारण वहीत उतरायचं आणि वहीत एक मोठं घर होतं, ‘ताप’. त्या घरात इन्फ्लुएन्झाही गेला, मलेरियाही गेला, आतड्याचा तापही गेला. शंभर वर्षांनी आपल्याकडे मोबाईल अ‍ॅप आलं, पण ते मोठं घर तसंच आहे. फक्त त्याच्यावर आता ‘व्हायरल’ असं लिहिलेलं असतं.

साथीच्या रोगांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २००४ पासून आहे. आरोग्यसेविका लक्षणं कळवते, डॉक्टर संशय कळवतो, प्रयोगशाळा खात्री कळवते, असे तीन प्रकारचे फॉर्म. रचना चांगली आहे. देशभरातून कळवल्या जाणाऱ्या साथींमध्ये तीव्र जुलाब आणि अन्नविषबाधा नेहमी वरच्या क्रमांकावर असतात. पण २०२० मध्ये त्याच आरोग्यसेविका, त्याच आशाताई, तेच जिल्हा अधिकारी आणि तेच तंत्रज्ञ स्वॅबच्या मागे लागले होते. त्यांना दोष देत नाही. एकाच माणसाला दोन ठिकाणी उभं करता येत नाही. पण मग त्या वर्षीच्या जुलाबाच्या आकड्यावर विश्वासही ठेवता येत नाही.

आणखी एक पहारेकरी त्या काळात घरी बसला होता, आणि त्याची नोंद कुणीच घेत नाही. तो म्हणजे शाळा. वीसेक वर्षं मी वर्गात हजेरी घेतो आहे. एखाद्या सोमवारी एकाच गल्लीतली सात मुलं गैरहजर असली की मी समजतो, नळाला काहीतरी झालं आहे. पहिल्या पावसानंतर तर हमखास. मधल्या सुट्टीत तीन मुलं संडासाकडे पळाली की मॅडम लगेच विचारतात, काल कुणाकडे जेवण होतं? पोषण आहारात काही बिघडलं तर एका तासात मुख्याध्यापक, पालक, दवाखाना, वर्तमानपत्र, सगळ्यांना कळतं. शाळा बंद झाली आणि पोषण आहाराऐवजी घरी कोरडा तांदूळ आणि डाळ गेली. ते ठीकच होतं. पण शंभर मुलांचं पोट रोज एका ठिकाणी दिसायची सोय बंद झाली. गल्लीतली सात घरं सात वेगळ्या घरांसारखी आजारी पडली आणि सात ठिकाणी वेगवेगळी बरी झाली. ती साथ होती हे कुणालाच कळलं नाही.

‘हे सगळं तर्काचं झालं, प्रत्यक्षात काय?’ असं कुणी विचारेल. तर जुलै २०२२ आठवा. कोरोनाचा जोर ओसरला होता, बकरीदेची तयारी चालू होती, आणि मेळघाटातून बातमी आली. चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलरा. वीजबिल थकल्यामुळे नळयोजना बंद पडली आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले, असं तेव्हा छापून आलं. मुख्यमंत्र्यांनी दिल्लीहून जिल्हाधिकाऱ्यांना फोन केला. केंद्राचं पथक आलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जिल्ह्यात १८१ रुग्ण आणि पाच मृत्यू अशी नोंद झाली. आणि हे फक्त पहाडातलं, कोरकू पाड्यांतलं होतं असं समजू नका. यादीत नया अकोला हे गावही होतं, जे अमरावती तालुक्यात, शहराच्या बगलेत आहे.

दीड वर्षापूर्वी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, याच जिल्ह्यात अमरावती आणि अचलपूर बंद केलं गेलं होतं आणि सगळ्या देशाचं लक्ष इथे लागलं होतं. रोज संध्याकाळी किती नमुने, किती बाधित, कोणत्या प्रभागात किती, हे मोबाईलवर यायचं. अमरावती विद्यापीठात मे २०२० पासून कोरोना तपासणी सुरू झाली होती, त्याआधी नमुने नागपूर-अकोल्याला पाठवावे लागत. अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये ती सोय एप्रिलमध्येच उभी राहिली होती. म्हणजे ठरवलं तर वऱ्हाडात काही आठवड्यांत प्रयोगशाळा उभी राहते, हे या सरकारी माणसांनीच सिद्ध केलं, आणि त्याबद्दल मी त्यांना सलाम करतो. पण मग ज्या जिल्ह्यात एका विषाणूचा रोजचा हिशेब होता, तिथे कॉलरासारखा जुनाजाणता आजार माणसं दगावल्यावर का कळावा? कॉलराच्या बहुतेक रुग्णांना वेळेवर दिलेलं मीठ-साखरेचं पाणी पुरतं. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते हजारो लोकांवर करून दाखवलं. ज्या आजारावर पन्नास वर्षांपूर्वी तंबूत उपाय सापडला, त्याने २०२२ मध्ये माणूस मरतो तेव्हा औषधाचा प्रश्न नसतो. वेळेवर कळण्याचा असतो.

तपासलं तर सापडतं, याचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. गुलियन-बॅरे सिंड्रोम. रुग्णांची विष्ठा राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासली गेली आणि काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि नीट न शिजलेल्या मांसातून पोटात जातो. चार दिवसांच्या साध्या जुलाबानंतर माणूस व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो हे तेव्हा लोकांना कळलं. ते कळलं कारण संस्था त्याच शहरात होती. तेच रुग्ण धारणीत किंवा बाळापुरात असते तर? एकाला ‘वारं गेलं’ म्हटलं असतं, दुसऱ्याला ‘कमजोरी’, आणि तिसऱ्याला घेऊन कुणीतरी दर्ग्यावर गेलं असतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच विभागात, लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी एकादशीच्या भगरीतून शेकडो माणसांना विषबाधा झाली. बीबीच्या दवाखान्यात जागा नव्हती. रस्त्यावर दोऱ्या बांधून सलाईन लावली. आगर-माळव्याच्या बागेतली दोरी तीन वर्षांनी आमच्या बुलढाण्यात आली. आपण महासाथीतून काय शिकलो याचा याहून नेमका फोटो मला माहीत नाही. मात्र या घटनेत एक गोष्ट बरी होती, ती सांगायला हवी. गावाने लपवलं नाही. सगळे एकदम दवाखान्यात आले, म्हणून जीव वाचले.

हे आम्हीही शिकायला हवं, आणि आता घरातलं बोलतो. आमच्याकडे वलीम्यात जेवण बाधलं तर पहिली धडपड बातमी दाबण्याची असते. ‘इज्जत का सवाल है.’ लडकीवाले काय म्हणतील, बावर्ची कुणाचा होता, मजहबाचं नाव खराब होईल. पन्नास माणसं पन्नास वेगवेगळ्या दवाखान्यांत जातात आणि प्रत्येक जण सांगतो, ‘ऐसे ही, हवा बदल गई.’ महासाथीत आपण घाबरून लपलो, त्याला कारण होतं आणि ते कारण आपण तयार केलं नव्हतं. पण ती सवय आता कायमची करून घ्यायचं काही कारण नाही. मोहल्ल्याचं नाव खराब होईल म्हणून मोहल्ल्याचं लेकरू सुकवायचं, याला दीनदारी म्हणत नाहीत. आपल्या दीनमध्ये जीव वाचवण्याचं मोल काय सांगितलंय ते मी वाचकांना शिकवायला नको. आणि जे मौलाना तेव्हा मशिदीच्या भोंग्यावरून लोकांना तपासणीला जा म्हणून सांगत होते, त्यांच्यावर आपल्यातल्याच काहींनी केलेली टीका मी विसरलेलो नाही.

लपवण्यात आणखी एक तोटा आहे. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या ६५ व्या कलमात दूषित अन्नाने मृत्यू झाला तर वारसांना किमान पाच लाख आणि गंभीर इजा झाली तर तीन लाखांपर्यंत भरपाई आहे. पण त्यासाठी सिद्ध करावं लागतं. नमुना नाही, निदान नाही, नोंद नाही, तर सिद्ध काय करणार? विडालच्या कागदावर कोणतंही न्यायालय भरपाई देणार नाही. त्याच कायद्यातलं ३५ वं कलम सांगतं की एखाद्या भागातल्या डॉक्टरांनी अन्नविषबाधेची प्रत्येक घटना कळवलीच पाहिजे अशी अधिसूचना काढता येते. कोरोनाचा रुग्ण कळवला नाही तर खाजगी डॉक्टरवर कारवाईची भाषा होत होती. विषबाधेच्या रुग्णासाठी तीच भाषा अमरावती विभागात का होऊ नये?

मागणी मोठी नाही. नवीन इमारत नको, उद्घाटनाची फीत नको. जिल्हा रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयांत रक्ताचं आणि विष्ठेचं कल्चर मोफत आणि रोज व्हावं. महासाथीत घेतलेली यंत्रं आणि शिकलेले तंत्रज्ञ याच कामाला लावावेत. चिखलदरा आणि धारणीच्या प्रत्येक आशाताईकडे पावसाळ्याआधी कॅरी-ब्लेअरच्या नळ्या असाव्यात. ही साधी चिकट माध्यमाची नळी असते. तिच्यात बुडवलेल्या काडीवर कॉलऱ्याचा जंतू बर्फाशिवायही काही दिवस जिवंत राहतो, म्हणजे घाट उतरून अमरावतीला यायला भरपूर वेळ मिळतो. शाळेच्या हजेरीत पोटाच्या आजाराने गैरहजर असा एक रकाना द्यावा आणि तो आठवड्याला आरोग्य खात्याकडे जावा. आम्ही शिक्षक जनगणना करतो, मतदारयाद्या करतो, तांदळाचा हिशेब ठेवतो. हा एक रकाना आम्हाला जड होणार नाही. आणि फॉर्म कोरकूत विचारणारी, उर्दूत विचारणारी माणसं दारावर पाठवावीत. पोटाचं दुखणं माणूस आपल्याच भाषेत सांगतो.

शाळा जूनच्या अखेरीस उघडतील. आमच्याकडे पहिला मोठा पाऊस साधारण त्याच आठवड्यात येतो, आणि गल्लीतल्या जलवाहिनीवरची दोन जुनी गळती अजून तशीच आहेत.